कॉलेज का सुटलं, हे विचारायचं काम

काही वर्षांपूर्वी लाखनी तालुक्यातल्या एका गावात मी फॉर्म घेऊन बसलो होतो. समोर बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेली मुलगी, खाटेवर तिचे वडील, दारात दोन शेजारणी. फॉर्मवर प्रश्न होता, ‘शिक्षण सोडण्याचे कारण’. खाली तीन चौकोन : आर्थिक, वैयक्तिक, इतर. मुलीने वडिलांकडे पाहिलं आणि ‘वैयक्तिक’ म्हणाली. मी खूण केली. निघताना ती रस्ता दाखवायला बोडीच्या पाळीपर्यंत आली. तिथे सहज बोलून गेली, की प्रॅक्टिकल साडेपाचला सुटायचं आणि गावाकडची शेवटची गाडी सव्वापाचला निघायची. चार वेळा ती प्रॅक्टिकल अर्धं टाकून पळाली. पाचव्यांदा सरांनी सगळ्यांसमोर सुनावलं. मग ती गेलीच नाही.

फॉर्मवर एसटीचा चौकोन नव्हता. माझ्या डोक्यातही तो प्रश्न नव्हता, कारण मी त्या गावी मोटारसायकलने गेलो होतो.

त्याच गाडीने ये-जा करणाऱ्या एखाद्या पोराने किंवा पोरीने ती मुलाखत घेतली असती, तर पहिला प्रश्नच गाडीचा आला असता. या जाणकारीला बाहेर मोल आहे. इंग्लंडमध्ये जास्त फी घेणाऱ्या विद्यापीठांना, मागे राहिलेल्या घरांतली मुलं आपल्याकडे कशी येतील आणि कशी टिकतील, याचा आराखडा सरकारी नियामकाला द्यावा लागतो. तो करताना अनेक विद्यापीठं आपल्याच विद्यार्थ्यांना तासावर पैसे देऊन नेमतात. ज्याच्या घरात आधी कोणी पदवीला गेलं नाही अशा विद्यार्थ्याने तशाच दुसऱ्या विद्यार्थ्यांशी बोलायचं, ऐकलेलं मांडायचं आणि काय बदलावं ते सांगायचं. या कामाला तिकडे ‘पिअर रिसर्चर’ म्हणतात, आपण सोबती संशोधक म्हणू. भंडारा, तुमसर, साकोली किंवा पवनीच्या कॉलेजात या नावाची नोटीस लागत नाही. काम मात्र आहे, आणि थोडी खटपट केली तर त्याचे पैसेही मिळतात. हा लेख त्या खटपटीबद्दल आहे.

महाराष्ट्रात या कल्पनेचं सगळ्यात ठळक उदाहरण मुंबईचं आहे. मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी उभी केलेली ‘पुकार’ ही संस्था. २००५ पासून तिने युवा फेलोशिप चालवली. वस्त्यांमधल्या तरुणांचे गट करायचे, त्यांनी आपल्याच जगण्यातला विषय निवडायचा आणि वर्षभर त्याचा शोध घ्यायचा. ‘पुकार’ने त्यांना नाव दिलं ‘बेअरफूट रिसर्चर’, म्हणजे अनवाणी संशोधक. अप्पादुराईंनी २००६ मध्ये संशोधनाच्या हक्कावर निबंध लिहिला. संशोधन ही फक्त प्राध्यापकांची मक्तेदारी नाही, आपल्या आयुष्याबद्दल शिस्तीने माहिती काढता येणं हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे, असा त्याचा गाभा. मूळच्या बालरोगतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता पाटील-देशमुख यांनी संस्थेची सूत्रं पुढे सांभाळली. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कौला बंदर वस्तीत पाणी आणि आरोग्य यांवर जे अभ्यास झाले, त्यांत वस्तीतल्याच तरुणांनी घरोघर माहिती काढली. पाणी कोणाकडून येतं, किती वाजता येतं आणि पिंपाला किती पडतात, हे बाहेरच्याला सांगायला लोक कचरतात. आपल्या गल्लीतल्या पोराला सांगतात.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ आणि साक्षरता ८३.७६ टक्के. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीत महाराष्ट्राचं प्रवेशाचं प्रमाण ३५.३ टक्के होतं, देशाचं २८.४. आकडे वाचायला बरे वाटतात. पण ते मांडवात आलेल्यांचे आहेत. पंगतीतून मध्येच कोण उठलं आणि का उठलं, हे त्यांत नसतं. ते शोधायला माणूस लागतो, आणि तो तुम्ही आहात.

तुम्हाला काय ठाऊक आहे, याचा अंदाज कदाचित तुम्हालाच नसेल. रोवणी आणि कॉलेजचं नवं सत्र एकाच वेळी येतात, हे तुम्हाला माहीत आहे. जुलै-ऑगस्टमध्ये हजेरीपटावर जी मुलगी ‘गैरहजर’ दिसते, ती बांधीत गुडघाभर चिखलात पऱ्हे लावत असते आणि त्या मजुरीतून वर्षाची पुस्तकं घेणार असते. शिष्यवृत्तीचा महाडीबीटी फॉर्म गावातल्या ‘ऑनलाइनवाल्या’कडे भरतात हेही तुम्हाला ठाऊक आहे. ओटीपी जातो हैदराबादला कामाला गेलेल्या भावाच्या मोबाइलवर. तो ड्युटीवर असला की त्या दिवशी फॉर्म राहतो आणि मग तारीखच निघून जाते. कार्यालयाच्या लेखी हा ‘अपूर्ण अर्ज’. तेव्हा ‘शिष्यवृत्ती मिळाली का?’ असं विचारू नका. ‘फॉर्म कोणी भरला? ओटीपी कोणाच्या फोनवर आला?’ असं विचारा. हे दोन प्रश्न मला सुचायला बरीच वर्षं लागली.

विषय आपल्या पायाखाली आहेत. गोसेखुर्दची कोनशिला २२ एप्रिल १९८८ ची. त्या धरणाने पवनी-भंडारा भागात उठलेल्या गावांतली तिसरी पिढी आता कॉलेजच्या वयात येते आहे. त्यांच्या घरात प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्याचं काय झालं? मामा (माजी मालगुजारी) तलावांवर मासेमारी करणाऱ्या ढिवर घरांतल्या, बिड्या वळणाऱ्या घरांतल्या, मोहाडी-आंधळगावकडच्या कोसा विणणाऱ्या घरांतल्या मुली पदवीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत पोचतात का? २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत ठरावीक प्रवर्गांच्या आणि आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या मुलींना शिक्षण शुल्क माफ झालं. प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर प्रत्यक्षात किती पैसे मागितले गेले? यातला एकच विषय घ्या. ‘भंडारा जिल्ह्यातील उच्च शिक्षणाच्या समस्या’ असला ऐसपैस मथळा प्रबंधाला शोभतो, तुमच्या आठवड्याच्या आठ-दहा तासांना नाही.

पैशांचं आता. सगळ्यात जवळचा रस्ता कमवा आणि शिका योजनेचा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि श्रम करून शिकण्याची वाट रुळवली. आज महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत या नावाच्या योजना आहेत. सहसा त्यांत बाग, ग्रंथालय आणि कार्यालयातली कामं देतात. पण विद्यापीठ अनुदान आयोगाने सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांच्या मसुद्यात अशा कामांमध्ये संशोधन प्रकल्पातली मदतही धरली आहे. मोबदला तासावर, आणि आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास. हा आधार घेऊन एका पानाचा अर्ज लिहा. पहिल्या वर्षाला प्रवेश घेऊन दुसऱ्या वर्षाला न आलेल्या तीस विद्यार्थ्यांशी आम्ही दोघं बोलणार, इतके तास लागतील, एवढे दिवस लागतील, शेवटी पाच पानांचा अहवाल देऊ. अर्ज कॉलेजच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्याकडे द्या आणि एक प्रत अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या समन्वयकाला. ही दुसरी प्रत फार कामाची. नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थ्यांच्या आधाराविषयी लिहावं लागतं आणि त्या कक्षाला असल्या कागदांची गरज असते. तुम्ही उपकार मागत नाही, त्यांची अडचण सोडवता. अर्जाचा सूर तसा ठेवा.

दुसरा रस्ता प्राध्यापकांच्या प्रकल्पांचा. सामाजिक शास्त्रांच्या मंजूर प्रकल्पांत क्षेत्र अन्वेषकासाठी रक्कम धरलेली असते. ती पदं साधारणपणे पदव्युत्तर उमेदवारांची, त्यामुळे एम.ए., एम.एस.डब्ल्यू. करणाऱ्यांनी नागपूर विद्यापीठाच्या विभागांत स्वतः जाऊन विचारावं. गावातल्या मुलांच्या शिक्षणाचं ‘असर’ सर्वेक्षणही आहे. ‘प्रथम’ संस्थेने २००५ मध्ये ते सुरू केलं. जिल्ह्यातली ३० गावं, गावातली २० घरं अशी त्याची रचना, आणि घरोघर जातात ते बहुधा स्थानिक कॉलेजांतले विद्यार्थी. त्यातून फार पैसे मिळत नाहीत, पण घर कसं निवडायचं आणि घरात कोणी नसेल तर काय करायचं हे त्याच्याइतकं चांगलं क्वचितच कुठे शिकायला मिळतं. एकदा करून ठेवा.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेच्या मागे मात्र लागू नका. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ऐकून मुलं धावतात, पण शिक्षण चालू असलेल्यांसाठी ती नाही. नव्या शैक्षणिक धोरणातले फील्ड प्रोजेक्ट आणि समुदाय सहभागाचे विषय तुम्हाला करायचेच आहेत. तिथे श्रेयांक मिळतात, पैसे नाहीत. एकच काम दोन्हीकडे दाखवायचं असेल तर शिक्षकांना आधी सांगून, लेखी परवानगीने. लपवून केलंत तर दोन्ही जातील.

हो म्हणण्याआधी हिशेब करा, बोटांवर नाही, कागदावर. समजा, एका मुलाखतीचे १०० रुपये कबूल झाले आणि मुलाखती बारा. ऐकायला १,२०० रुपये. आता खरे तास मोजा. जाणं-येणं सव्वा तास. बोलणं पाऊण तास. पाऊण तासाचं रेकॉर्डिंग शब्दन् शब्द उतरवायला तीन तास सहज जातात, शिकाऊ माणसाला जास्तच. म्हणजे एका मुलाखतीला पाच तास, बाराला साठ. तासाला वीस रुपये पडले. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती, म्हणजे आठ तास धरले तर ताशी ३९. रोहयोच्या निम्म्या दरात संशोधन करू नका. हे मी रागाने लिहितो, कारण विद्यार्थी असताना फॉर्ममागे दर ठरवून मी एका सर्वेक्षणाला गेलो होतो. काम संपल्यावर ‘अनुभव मिळाला ना’ असं ऐकवून अर्धेच पैसे हातावर ठेवले गेले. लेखी काही नव्हतं. चूक माझीही होती.

म्हणून एक पान लिहून घ्या. किती तास, ताशी किती, आणि प्रशिक्षणाचे व रेकॉर्डिंग उतरवण्याचे तास त्यात धरले आहेत का. प्रवासखर्च वेगळा की त्यातच. मुलींना एसटीत अर्धं तिकीट आहे, पण शेवटची गाडी चुकली तर ऑटोचे पैसे कोण देणार? (हसू नका. सगळ्यात जास्त खटके याच रकमेवरून उडतात.) पैसे कधी आणि कोणत्या खात्यात जमा होणार. परीक्षेच्या तीन आठवड्यांत काम बंद राहील. अहवालावर तुमचं नाव येईल. शिष्यवृत्ती चालू असेल तर हे मानधन दाखवावं लागतं का, हे समाजकल्याणच्या जिल्हा कार्यालयात आधीच विचारा. उत्तर मिळेल त्या दिवसाची तारीख टिपून ठेवा.

आता प्रत्यक्ष काम. माझी लाखनीची चूक दोन ठिकाणी होती, चौकोनात आणि खाटेत. चौकोनाचं वर आलंच. खाटेचं असं, की घरात बाप बसलेला असताना मुलगी कॉलेजबद्दल खरं बोलत नाही. आईसमोर मुलगा नापास झाल्याचं बोलत नाही. जागा त्यांना निवडू द्या. बोडीची पाळ, शाळेचं आवार, बसथांबा, पिठाच्या चक्कीसमोरचा ओटा. बोलता बोलता हात कामात असतील तर उत्तमच. धान पाखडताना माणूस जेवढं बोलतो तेवढं टेबलासमोर बोलत नाही.

भाषेचा मुद्दा मी थोडा लांबवणार आहे, कारण आपण त्यातच हरतो. झाडीबोलीचा अभ्यास ज्यांनी उभा केला त्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी दाखवून दिलं, की या बोलीत ण, ळ, श, ष, छ हे उच्चार नाहीत. आपल्याकडे ‘पानी’ असतं आणि ‘डोरा’ असतो. कॉलेजच्या पहिल्या महिन्यात कोणी ‘पानी’वर हसलं, म्हणून वर्गात कायमची गप्प झालेली मुलं मी पाहिली आहेत. तुम्ही मुलाखतीला गेलात आणि नकळत प्रमाण मराठीत विचारायला लागलात, की समोरचा लगेच ओळखतो : हा आता कॉलेजवाला झाला. घरी बोलता तसं बोला. आणि उतरवताना तर हात अजिबात लावू नका. मुलीने ‘पानी’ म्हटलं असेल तर कागदावर ‘पानी’च राहू द्या. तिची भाषा ‘शुद्ध’ करून छापणं म्हणजे तिच्यावर पुन्हा एकदा हसणं. मार्गदर्शकांनी हट्ट धरला तर तळटीप द्या, मूळ बदलू नका.

प्रश्न थोडे ठेवा, सहा-सात. ‘कॉलेजच्या पहिल्या दिवशी घरातून किती वाजता निघालीस? सोबत कोण होतं?’ इथून सुरू केलं की बाकीचं ओघाने येतं. ‘तुला काय अडचणी आल्या?’ हा प्रश्न वाईट. त्याला ‘काही नाही’ हेच उत्तर असतं. ‘गेल्या सोमवारी काय काय केलंस, सकाळपासून सांग’ हा चांगला. त्या एका सोमवारात पाणी भरणं, धाकट्याची शाळा, गाडी, प्रॅक्टिकल, घरचा धंदा सगळं दिसतं. आणि थांबायला शिका. आपल्याला शांततेची भीती वाटते, म्हणून आपण समोरच्याचं उत्तर त्याच्या तोंडात घालतो. मनात दहापर्यंत मोजा.

तुम्ही त्यांच्यातलेच आहात, याचा एक तोटाही आहे. ‘मला माहीतच आहे’ असं वाटून तुम्ही विचारायचं सोडून देता. तुमच्या घरी कोणी कॉलेजला विरोध केला नसेल, तर तिच्याही घरी नसेल असं धरून चालता. यावर साधा उपाय आहे : पहिली मुलाखत स्वतःची द्या. सोबत्याला तुमचेच प्रश्न तुम्हाला विचारायला सांगा, उतरवून घ्या आणि बाजूला ठेवा. पुढच्या प्रत्येक मुलाखतीनंतर ताडून पाहा, यातलं तिचं किती आणि माझं किती.

संमती म्हणजे नुसती सही नव्हे. कशासाठी विचारतोय, कोण वाचणार, मध्येच नको वाटलं तर थांबता येईल, आणि यातून शिष्यवृत्ती किंवा नोकरी मिळणार नाही, हे चारही तोंडी सांगा. चौथं तर दोनदा सांगा, कारण कागद-पेन दिसला की गावात आशा लागते. अकरावी-बारावीच्या मुलांशी बोलणार असाल तर पालकांची परवानगी घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालकच आहे. नाव बदललं म्हणजे ओळख लपली असंही समजू नका. ‘बी.ए. दुसऱ्या वर्षातली, लाखांदूर तालुक्यातली, ढिवर समाजातली मुलगी’ असं लिहिलंत आणि वर्गात अशी एकच असली, तर तुम्ही तिचं नाव छापल्यासारखंच आहे. गाव गाळा, वर्ष गाळा, गरज नसेल तिथे जातही गाळा. रेकॉर्डिंग मोबाइलवर मित्रांना पाठवू नका. काम संपल्यावर ते कधी पुसायचं, हेही त्या एका पानावर असू द्या.

एखादी मुलाखत जड जाईल. कोणाच्या घरात कर्जापायी आत्महत्या झालेली असेल, कोणाला वसतिगृहात जातीवरून बोललं गेलं असेल, आणि ते ऐकताना तुम्हाला स्वतःचं काही आठवेल. त्या दिवशी दुसरी मुलाखत घेऊ नका. मार्गदर्शक शिक्षकांना सांगा. तुम्ही समुपदेशक नाही, पण कॉलेजच्या समान संधी केंद्राचा किंवा तक्रार समितीचा रस्ता दाखवू शकता, तेवढा दाखवा.

अहवाल पाच पानांच्या वर नेऊ नका. पहिल्या पानावर तीन गोष्टी, ज्या कॉलेजला याच वर्षी करता येतील. ‘पायाभूत सुविधा वाढवाव्यात’ हे कोणीही लिहितं. ‘मंगळवार-गुरुवारचं प्रॅक्टिकल पाऊणला सुरू केलं तर अमुक गावांच्या अकरा मुलींना सव्वापाचची गाडी मिळते’ हे तुम्हीच लिहू शकता. सोबत गावांची यादी आणि गाड्यांच्या वेळा जोडा. हा कागद महाविद्यालय विकास समितीसमोर ठेवायला सांगा. विद्यार्थी परिषद झालेली असेल तर तिच्या पदाधिकाऱ्यांना त्या समितीत जागा असते. दुसरी प्रत आगार व्यवस्थापकांकडे. ज्यांच्याशी बोललात त्यांना एक पान मराठीत परत नेऊन द्या, वाचून दाखवा. बरेचदा तिथेच एखादी चूक सापडते. तेच काम पुढे आविष्कार संशोधन स्पर्धेत नेता येतं. राज्यातल्या विद्यापीठांची ही स्पर्धा २००६ पासून चालते.

बाहेर शिकायला जायचं मनात असेल तर हा अनुभव अर्जात ठळक लिहा. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर राज्यातून दरवर्षी अनुसूचित जातीचे ७५ विद्यार्थी जाऊ शकतात. त्यांतल्या कोणी ब्रिटनच्या विद्यापीठात सोबती संशोधकाची जागा पाहिली, तर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम करता येतं, हे लक्षात ठेवा. तिकडचं निवड मंडळ बहुधा एकच विचारतं : तुम्ही कोणाशी बोललात आणि त्यातून काय बदललं?

वेळापत्रकाचं तेवढं राहिलं. रोवणीत मुलाखती ठेवू नका, कोणी भेटणार नाही आणि भेटलं तर त्याची मजुरी बुडेल. सप्टेंबरात प्रश्न पक्के करा, दोन मुलाखती करून पाहा आणि प्रश्न पुन्हा बदला. खऱ्या मुलाखतींसाठी भाऊबीजेनंतरचे पंधरा दिवस राखा. गावोगाव मंडईची जत्रा असते. नागपूर, पुणे, हैदराबादला गेलेली, कॉलेज सोडलेली पोरंही गावात परतलेली असतात. त्यांना सकाळीच गाठा. दुपारी दंडार उभी राहिली की कोणी तुमच्याशी बोलायला थांबणार नाही, आणि रात्री तर नाटक असतं.